परसातील पिंजरा

सुटीनंतर शाळा उघडली त्या दिवशी आठवीच्या मुलांनी आम्हांस विचारले, “सर, अमेरिकेत आपण काय केले?” आम्ही खरे तेच सांगितले, “आम्ही एक पिंजरा बांधला.” वर्गात मोठा हशा पिकला. काहींस वाटले, वाघ पकडावयाचा असेल! त्या वेळी तास संपल्यामुळे उलगडा करता आला नाही. तो येथे करीत आहो.

आमचे धाकटे बंधू संयुक्त संस्थानांपैकी न्यू जर्सी ह्या संस्थानात राहतात. त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा बेसबॉल खेळतो. हा खेळ आपल्या मुलांस थोडाबहुत ठाऊक आहेच. त्याचा चेंडू वजनाने व आकाराने आपल्या क्रिकेटच्या चेंडूचा सख्खा भाऊ शोभेल असा. वजन ५ औंसांहून किंचित अधिक, घेर सुमारे ९ इंच. बॅट मात्र गोल, विटीदांडूच्या दांडूची थोरली बहीण. बंधू रोज सायंकाळी परसात उभे राहून चेंडू फेकीत व मुलगा टोले मारी. एप्रिल महिन्यात असाच एक टोला सरळ परत आला आणि बंधूंच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले. आम्ही मे महिन्यात तेथे पोहोचलो तेव्हा त्यांचा हात प्लास्टरमध्ये होता.

हाड सांधले जाते. त्याची चिंता कोणास नव्हती. चिंता होती ती मुलाची. त्या दिवसापासून तो सामन्यातसुद्धा बॅट पुरी फिरवीत नसे. चेंडू समोर आला की अर्ध्या वाटेत हात आखडता घेई. आईने समजाविले, शिक्षकांनी समजाविले; पण व्यर्थ. एका रात्री त्याने आम्हांस हळूच विचारले, “काका, चेंडू बाबांच्या डोक्याला लागला असता तर?” ह्या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी बंधूंनी पिंजऱ्याचा बेत काढला. हात त्यांचा मोडलेला. तेव्हा खड्डे खणण्याचे काम अर्थातच वडील भावाकडे आले.

हा पिंजरा म्हणजे चारी बाजूंनी व वरूनही जाळ्याने बंद केलेली एक लांबट खोली होय. मुंबईच्या शिवाजी पार्कवर ज्यांनी क्रिकेटची नेट पाहिली आहेत त्यांस वाटेल की, वर छप्पर कशाला? कारण असे की, बेसबॉलचा चेंडू टप्पा न घेता येतो व बॅट गोल असते. चेंडू बॅटच्या मध्यापासून जरा वर-खाली लागला की तो उंच उडतो अथवा थेट पाठीमागे जातो. शेजाऱ्याच्या खिडकीची काच ही तेथील परसातल्या खेळाची जुनीच वर्गणी आहे. ह्या पिंजऱ्याच्या शोधाचे श्रेय ज्यास दिले जाते तो वेलिंग्टन टायटस नावाचा गृहस्थ ह्याच न्यू जर्सीतील हॉपवेल गावचा. १९०७ च्या सुमारास त्याने जागचा हलविता येईल असा पिंजरा तयार केला. हेतू हा की, मागे गेलेले चेंडू गोळा करीत हिंडण्यात खेळाडूंचा वेळ जाऊ नये.

प्रथम आम्ही शेजारच्या आजीबाईंकडे जाऊन त्यांची संमती घेतली, मग नगर कार्यालयात विचारणा केली. कुंपणापासून किती अंतर सोडावे व किती उंच बांधावे ह्याचे नियम तेथे गावोगाव निराळे असतात. ह्यानंतर ८११ ह्या क्रमांकावर दूरध्वनी केला. ही सोय आम्हांस फार आवडली. आपण कोठे खणणार हे काही दिवस आधी कळविले म्हणजे माणसे येऊन जमिनीखालील नळ व तारा कोठून जातात ते रंगाने आखून देतात. पिवळा रंग गॅसचा, तांबडा विजेचा, निळा पाण्याचा, नारिंगी दूरध्वनीच्या तारांचा, हिरवा सांडपाण्याचा. आम्ही खुणेची काठी रोवली होती तिच्यापासून वीतभर अंतरावरून पिवळी रेघ गेली! सगळा पिंजरा चार फूट अलीकडे घ्यावा लागला. उत्साहाच्या भरात आम्ही आधीच कुदळ मारली असती तर काय झाले असते, हे सांगावयास नको.

पिंजरा ६० फूट लांब, १२ फूट रुंद व १० फूट उंच ठरला. बारा वर्षांखालील मुलांच्या खेळात चेंडू फेकणारा ४६ फुटांवर उभा असतो (मोठ्यांच्या खेळात हे अंतर ६० फूट ६ इंच), आणि दोघांच्याही पाठीमागे थोडी मोकळी जागा हवी. २० फुटांच्या अंतराने चार जोड्या, म्हणजे आठ खांब. प्रत्येक खांब तीन फूट जमिनीत. इतके खोल कशाला, असे आम्ही आठव्या खड्ड्यापाशी घाम पुसत विचारले. बंधू म्हणाले, “दादा, येथे हिवाळ्यात जमीन गोठते.” गोठताना जमिनीतील पाणी फुगते, माती वर उचलली जाते व तिच्याबरोबर उथळ रोवलेला खांबही दरसाल थोडा थोडा वर येतो. म्हणून खांबाचे बूड गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावे लागते. आपल्या काळ्या जमिनीत घर बांधणारे लोक भेगांच्या भयाने पाया खोल नेतात. तिकडे तेच बर्फाच्या भयाने.

काँक्रीट पक्के झाल्यावर खांबांच्या माथ्यावरून पोलादी दोर ताणले. दोर ताणला की टोकाचे खांब आत ओढले जातात. म्हणून त्यांस बाहेरून तणावे दिले, तंबूस देतात तसे. जाळे मात्र ताणावयाचे नाही! येथे आमची चूक झाली. आम्ही ते खाटेच्या नवारीप्रमाणे घट्ट आवळले, आणि पहिलाच चेंडू जाळ्यावर आपटून आमच्या गुडघ्यावर येऊन बसला. जाळे सैल लोंबते असले म्हणजे चेंडूचा वेग त्याच्या झोळात जिरतो व चेंडू तेथेच खाली पडतो. खांबांपासूनही ते हातभर आत टांगावे. ते नायलॉनचे असून त्याची घरे पावणेदोन इंचांची, म्हणजे जवळजवळ तीन इंच व्यासाचा चेंडू त्यांतून जात नाही. दोऱ्यास क्रमांक असतात. क्रमांक जितका मोठा तितका दोरा जाड. आम्ही ३६ क्रमांकाचा घेतला.

आता ज्यासाठी हा सारा खटाटोप, ती वस्तू सांगतो. पिंजऱ्यात चेंडू फेकणाऱ्यासमोर सात फूट लांबीरुंदीचा, जाळे लावलेला एक नळ्यांचा पडदा उभा करतात. त्याचा वरचा एक कोपरा कापलेला असतो. फेकणारा उजव्या हाताचा असेल तर ही खाच त्याच्या उजव्या बाजूस येते. तेथून चेंडू सोडावयाचा व लगेच डावीकडे पडद्याआड व्हावयाचे. त्याची निकड किती, हे मुलांनी गणिताने पाहावे. टोला ताशी ६० मैल वेगाने परत आला, तर सेकंदास ८८ फूट झाले. फेकणारा ४० फुटांवर असेल, तर चेंडू त्याच्यापर्यंत अर्ध्या सेकंदाहून कमी वेळात पोहोचतो. तेवढ्यात मनुष्य डोळ्याची पापणी मिटील. अंग काही चोरू शकणार नाही. पिंजऱ्यावर पैसे कमी पडले तर छप्पर पुढल्या वर्षी करावे, पण ह्या पडद्यावाचून एकही चेंडू फेकू नये, असे आमचे मत आहे. आणि बॅट घेतलेल्या मुलाच्या डोक्यास शिरस्त्राण हवेच. आत एका वेळी एकच बॅट फिरावी. पाहणाऱ्यांनी जाळ्यास टेकून उभे राहू नये, कारण सैल जाळे चेंडूबरोबर बाहेर येते.

चेंडू फेकणारी यंत्रे मिळतात व शेजारच्या एका सद्गृहस्थांनी तसे एक देऊही केले. आम्हांस ते रुचले नाही. मिकी मँटल हा न्यूयॉर्कच्या यांकीज संघातून १९५१ ते १९६८ पर्यंत खेळलेला नामांकित खेळाडू. ओक्लाहोमा संस्थानातील कॉमर्स गावी त्याचे वडील शिशा-जस्ताच्या खाणीत काम करीत. घरी आल्यावर ते उजव्या हाताने व आजोबा डाव्या हाताने त्यास टेनिसचे चेंडू फेकीत, आणि पाठीमागचे पत्र्याचे खोपट चेंडू अडवी. त्यामुळे तो मुलगा दोन्ही बाजूंनी टोला मारण्यास शिकला. त्या परसात ना जाळे होते, ना यंत्र. तेव्हा यंत्र परत गेले आणि चेंडू आम्ही फेकू लागलो. कॉलेजातील आमची गोलंदाजी कोणी वाखाणली नव्हती, तरी येथे ती चालून गेली.

पहिल्या दिवशी मुलगा हलकेच टोले मारी. प्रत्येक चेंडूपूर्वी, “काका, आड झालात ना?” असे विचारी. बंधू बाहेर खुर्चीवर गळ्यात हात बांधून बसले होते. तिसऱ्या दिवशी एक टोला पुऱ्या जोराने आला व आमच्या नाकासमोर पडद्याच्या जाळ्यात धाडकन बसला. मुलगा बॅट टाकून धावत आला. आम्ही पडद्याआडून डोके बाहेर काढले व म्हणालो, “चेंडू वाया गेला, दुसरा घे.” त्याने आमचा चेहरा नीट निरखून पाहिला, मग जाळ्यास हात लावून पाहिला, आणि परत जाऊन उभा राहिला. त्या संध्याकाळी टोपलीतले चेंडू तीन वेळा संपले.

बंधूंचे पत्र नुकतेच आले आहे. हात बरा झाला असून आता चेंडू तेच फेकतात. ओले बर्फ छपराच्या जाळ्यावर साचून दोर तुटतात, म्हणून थंडी पडताच जाळे उतरवून गाडीखान्यात ठेवावयाचे आहे. पडद्याच्या जाळ्यातील दोन दोरे, नेमके फेकणाऱ्याच्या तोंडासमोरचे, तुटले आहेत. ते बदलल्याशिवाय मुलगा बापास चेंडू फेकू देत नाही.