घरच्या चांदीच्या पाण्याचं मोजमाप कोण करणार?

अमेरिकेच्या मोंटाना राज्यात २००२ साली सिनेटची निवडणूक लढवणारे स्टॅन जोन्स जगभर गाजले ते त्यांच्या निळसर-राखाडी कातडीमुळे. २००० साल उजाडताच संगणक कोलमडतील आणि प्रतिजैविकांचा तुटवडा पडेल, या धास्तीने ते १९९९पासून घरी बनवलेलं कोलॉइडल सिल्व्हर, म्हणजे चांदीचे सूक्ष्म कण असलेलं पाणी, पीत होते.

ते बनवणं सोपं आहे. डिस्टिल्ड पाण्यात शुद्ध चांदीच्या दोन तारा सोडून त्या बॅटरीला जोडल्या, की धन टोकाच्या तारेतून चांदीचे आयन पाण्यात उतरतात. त्यांतले काही तसेच राहतात, काहींचे नॅनोमीटरमध्ये मोजावे लागणारे कण बनतात. हे कण जांभळा-निळा प्रकाश शोषतात, म्हणून पाणी पिवळसर दिसतं. त्यातून लेसरचा किरण सोडला तर त्याची वाट उजळून दिसते. हाच टिंडल परिणाम.

उपकरणाची निगा मात्र किचकट. तारांवर काळा थर चढतो, तो दरवेळी पुसावा लागतो. पाण्यात आयन वाढले की वीजप्रवाह वाढतो आणि तो आवरला नाही तर कण मोठे होतात. नळाचं पाणी घेतलं तर त्यातल्या क्लोराइडमुळे सिल्व्हर क्लोराइड तयार होऊन ते गढुळतं. त्यामुळे एक घाणा दुसऱ्यासारखा निघत नाही. चांदी किती उतरली, कण केवढे झाले, हे नेमकं सांगायला प्रयोगशाळाच लागते.

चांदी जंतू मारते, हे खरं. तिचे आयन जिवाणूंच्या प्रथिनांमधल्या गंधकाला चिकटून त्यांचं काम बंद पाडतात. म्हणूनच भाजलेल्या जखमेवर डॉक्टर सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम लावतात. पण ते ठरलेल्या प्रमाणात आणि वरून. पोटात गेलेल्या चांदीचा शरीराला काहीही उपयोग नाही. ती कातडीत साठते आणि जुन्या फोटोफिल्मप्रमाणे उजेडाने काळवंडते. हा अर्जिरिया सहसा कायमचा राहतो. शिवाय काही प्रतिजैविकं आणि थायरॉइडचं औषध अंगी लागण्यातही चांदी अडथळा आणते. कोलॉइडल सिल्व्हरची औषधं सुरक्षित वा परिणामकारक मानता येत नाहीत, असा निर्णय अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ सालीच दिला होता.

मुलांना टिंडल परिणाम दाखवण्यासाठी हा प्रयोग मोठ्यांच्या देखरेखीखाली जरूर करा. पण बाटलीवर ठळक अक्षरांत ‘पिऊ नये’ असं लिहा आणि आजारपणात डॉक्टरांकडेच जा.