दोन बोटांचा फरक

पिसाच्या कलत्या मनोऱ्यावरून गॅलिलिओनं एक जड आणि एक हलका गोळा सोडला, दोन्ही एकदमच खाली आले आणि अ‍ॅरिस्टॉटलचा निकाल लागला, ही गोष्ट आपल्याला शाळेतच भेटते. ती सांगितली त्याचा शिष्य विव्हियानी यानं, गुरूच्या मृत्यूनंतर लिहिलेल्या चरित्रात. खुद्द गॅलिलिओच्या ग्रंथांत पिसाच्या या जाहीर प्रयोगाचा पत्ता नाही. पक्की नोंद आहे ती गणिती सायमन स्टेव्हिनची. डेल्फ्ट गावात त्यानं शिशाचे दोन गोळे, एक दुसऱ्याच्या दहापट जड, तीस फुटांवरून खाली ठेवलेल्या फळीवर टाकले. आदळल्याचा आवाज एकच आला. हे छापून आलं १५८६ साली.

मग ‘जड वस्तू आधी पडते’ हे अ‍ॅरिस्टॉटलचं म्हणणं साफ खोटं का? हवेत अगदी साफ खोटं नाही. १६३८ च्या आपल्या ग्रंथात गॅलिलिओनं याचा जो फडशा पाडलाय, तो मला मनोऱ्याच्या गोष्टीपेक्षा कितीतरी सरस वाटतो. अ‍ॅरिस्टॉटलच्या हिशेबानं शंभरपट जड गोळा शंभर हात खाली येईपर्यंत हलका गोळा जेमतेम एक हात उतरलेला असायला हवा. प्रत्यक्षात मोठा गोळा पुढे राहतो तो दोन बोटं. गॅलिलिओचं म्हणणं असं, की माझी दोन बोटं दाखवून तुम्ही अ‍ॅरिस्टॉटलचे नव्याण्णव हात झाकू नका! दोन बोटांचा दोष हवेचा. अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटनं १९७१ मध्ये चंद्रावर हातोडा आणि पीस एकाच वेळी सोडलं, आणि तिथं हवाच नसल्यानं दोन्ही बरोबरच टेकली.

गॅलिलिओनं खरा घाम गाळला तो घरंगळणाऱ्या गोळ्यावर. बारा हात लांबीचं लाकूड, त्यात सरळ कोरलेली खाच, खाचेत चिकटवलेलं गुळगुळीत चर्मपत्र आणि वरून सोडलेला ब्राँझचा गोळा. सेकंद दाखवणारं घड्याळ तेव्हा कुठलं! मोठ्या भांड्याच्या बारीक नळीतून पडणारं पाणी पेल्यात धरायचं आणि तराजूत तोलायचं. पाण्याचं वजन म्हणजे गेलेला वेळ. वेळ दुप्पट झाला की अंतर चौपट होतं, हा नियम या तराजूतून निघाला.

आपल्याकडे आणखी एक समज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतो : न्यूटनच्या पाचशे वर्षं आधी भास्कराचार्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नियम शोधला. चाळीसगावजवळच्या पाटण्याला त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे, त्यामुळे मराठी माणसाला हा दावा जवळचा वाटणं साहजिकच. ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त पृथ्वीच्या ओढून घेण्याच्या शक्तीचा उल्लेख आहे, यात शंका नाही. आकाशातली जड वस्तू पृथ्वी स्वतःकडे खेचते म्हणून ती पडल्यासारखी दिसते, आणि चहूकडे सारख्याच असलेल्या अवकाशात पृथ्वी मग पडणार कुठे, असा बिनतोड प्रश्नही तिथं आहे. पृथ्वीचा हा स्वभाव ब्रह्मगुप्तानंही सातव्या शतकात सांगितला होता. पण ओढ अंतरानुसार किती कमी होते, आणि चंद्राला धरून ठेवणारी ओढ हीच का, हे त्यात नाही. तिथलं ग्रहांचं गणित वर्तुळांच्या वेगळ्याच रचनेवर उभं आहे. भास्कराचार्यांना मोठं करायला न्यूटनच्या टोपीतलं पीस काढायची गरजच नाही.

न्यूटनच्या डोक्यात सफरचंद पडलं नव्हतं. झाडावरून पडणाऱ्या फळाची आठवण त्यानं म्हातारपणी सांगितली, एवढंच. त्याचं काम होतं ‘किती’चं. जमिनीजवळ सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडते. पृथ्वीच्या केंद्रापासून आपल्या साठपट दूर असलेला चंद्र आपली सरळ वाट सोडून सेकंदाला सुमारे १.४ मिलिमीटर पृथ्वीकडे झुकतो, म्हणजे ३६०० वा भाग. साठाचा वर्ग ३६००. हे एका दुपारी सुचलेलं नाही. १६६० च्या दशकातला पहिला आडाखा, शास्त्रज्ञ हूकशी पत्रांतून झालेली खडाजंगी, १६८४ मध्ये खगोलज्ञ हॅलीनं केंब्रिजला येऊन विचारलेला प्रश्न, आणि मग कुठे १६८७ चा ‘प्रिन्सिपिया’.

अंतराळवीर तरंगतात कारण तिथं गुरुत्वाकर्षण नसतं, हा समजही याच हिशेबात मोडतो. अंतराळस्थानक असतं सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर, आणि तिथली ओढ जमिनीवरच्या जवळपास ८९ टक्के असते. स्थानक आणि आतली माणसं दोघं बरोबरच पडत असतात, पण आडवा वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर असल्यानं खालची जमीनही तेवढीच वळत जाते. पुढे ढकलायला इंजिन सतत चालावं लागत नाही. विरळ हवेच्या घर्षणानं उंची घटते, म्हणून अधूनमधून धक्का द्यावा लागतो.

आता सगळ्यात लाडका गैरसमज : आइन्स्टाइननं न्यूटनला चूक ठरवलं. युरेनस न्यूटनच्या गणितानं सांगितलेल्या जागी सापडेना, तेव्हा फ्रेंच खगोलज्ञ ल व्हेरिएनं कागदावर एक नवा ग्रह मांडला आणि २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत नेपच्यून सांगितल्या जागेपासून एक अंशाच्या आत मिळाला. तोच माणूस पुढे बुधाकडे वळला. बुधाची कक्षा हळूहळू फिरते. इतर ग्रहांच्या ओढीचा हिशेब वजा केला तरी शतकाला थोडं वळण उरतंच. नंतर नक्की झालेला आकडा ४३ विकला. विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग, तेव्हा या गतीनं पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीएवढं सरकायला चार हजारांवर वर्षं जातील. ल व्हेरिएनं इथंही न दिसणारा ग्रह मानला. १८५९ मध्ये एका फ्रेंच खेड्यातल्या डॉक्टरानं सूर्यावरून ठिपका जाताना पाहिल्याचं कळवलं. हा डॉक्टर रेशमी धाग्याला हस्तिदंती गोळा टांगून सेकंद मोजायचा आणि आकडेमोड लाकडी फळीवर करून रंध्यानं तासून टाकायचा! ल व्हेरिएचा विश्वास बसला, ग्रहाला ‘व्हल्कन’ नाव मिळालं. ग्रह मात्र नव्हताच.

हवेवर ढकलता येतील अशी ही दोन बोटं नव्हती. नोव्हेंबर १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या नव्या सिद्धांतातून ४३ हा आकडा कुठलीही ठाकठोक न करता बाहेर पडला. तरी चंद्रयान-३ चा मार्ग आखायचं मुख्य गणित न्यूटनचंच. त्याचा नियम अपुरा पडतो तो ओढ फार जबर असते, वेग प्रकाशाच्या जवळ जातो किंवा मोजमाप फार काटेकोर हवं असतं तिथं. जीपीएसच्या उपग्रहावरचं घड्याळ जमिनीवरच्या घड्याळाच्या रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जाईल. ते सुधारलं नाही, तर नकाशा दिवसभरात काही किलोमीटर भरकटेल.

न्यूटनच्या सूत्रातली ओढ कितीही अंतरावर तत्क्षणी पोचते. ते खुद्द न्यूटनलाही पटत नव्हतं. मध्ये काहीच नसताना दुरून ओढ लागावी हे त्यानं बेंटली या विद्वानाला लिहिलेल्या पत्रात निरर्थक ठरवलं आहे. आइन्स्टाइनच्या सिद्धांतात ओढीतला बदल प्रकाशाच्या वेगानं, लाटेसारखा पसरतो. ती लाट १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो या यंत्रानं पहिल्यांदा टिपली. तसंच यंत्र हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ उभारायला केंद्र सरकारनं २०२३ मध्ये मंजुरी दिली आहे. त्याच्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन बाहूंत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढा फरक मोजायचा आहे.