केबीसी घसरला म्हणजे नेमकं काय झालं?

दर गुरुवारी टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे आकडे येतात आणि शुक्रवारी मनोरंजनाच्या पानांवर निकाल लागलेला असतो. अमक्या मालिकेची बाजी, तमका कार्यक्रम आपटला, महानायकाची जादू ओसरली. क्विझ शोच्या वाट्याला असे मथळे जरा जास्तच येतात, आणि माझ्या मते सर्वांत चुकीचे मथळेही त्यांच्याच वाट्याला येतात. आकडा खोटा असतो असं नाही. तो तयार कसा झाला हे न विचारताच त्याचा अर्थ लावला जातो.

देशात टीव्ही असलेली घरं वीस कोटींहून अधिक. त्यांतल्या पन्नास हजारांहून अधिक घरांत बार्कचं मीटर बसवलेलं आहे. वाहिनीच्या आवाजात कानाला न जाणवणारी एक खूण मिसळलेली असते. ती ऐकून मीटरला कळतं की या घरात आत्ता अमुक वाहिनी लागली आहे. पण समोर कोण बसलंय हे त्याला कळत नाही, ते घरच्यांनीच सांगायचं. त्यासाठी रिमोटवर प्रत्येकाच्या नावाचं बटण असतं. आजी बसल्या की त्यांनी आपलं बटण दाबायचं, उठल्या की पुन्हा दाबायचं. ठरल्या वेळी मालिका लावून बसणाऱ्या माणसाला हे जमतं. क्विझ शो मात्र असा बघितला जात नाही. स्वयंपाकघरातून कुणीतरी ‘सी, सी!’ म्हणून ओरडतं. कामावरून आलेला मुलगा चपला काढता काढता एका प्रश्नापुरता थबकतो, उत्तर कळलं की आत निघून जातो. तेवढ्यासाठी बटण दाबायचं कुणाच्या लक्षात राहणार?

समजा, दाबलं. तरी पुढचं गणित क्विझ शोच्या विरोधातच जातं. आपण ज्याला टीआरपी म्हणतो, तो म्हणजे किती जणांनी कार्यक्रम पाहिला याची मोजदाद नव्हे. दर मिनिटाला सरासरी किती जण समोर होते, हे तो सांगतो. एक तासाची मालिका शंभरातल्या पाच जणांनी पूर्ण पाहिली, तर रेटिंग ५. एक तासाचा क्विझ शो शंभरातल्या वीस जणांनी पंधरा-पंधरा मिनिटं पाहिला, तरी रेटिंग ५च. पहिल्याला पाच माणसं भेटली, दुसऱ्याला वीस. बातमीत दोघांची ‘बरोबरी’ होते. आणि वीसऐवजी सोळा जण आले, तर क्विझ शो मालिकेच्या तिप्पट माणसांपर्यंत पोहोचूनही ‘मागे पडला’ असं छापून येतं. एकूण किती जण फिरकले, याचा स्वतंत्र आकडा बार्ककडे असतो. पानावर तो क्वचितच दिसतो. प्रश्नोत्तरांच्या कार्यक्रमाबद्दल लिहिताना तर तोच आधी मागायला हवा, कारण इथे प्रत्येक प्रश्न म्हणजे एक पूर्ण गोष्ट असते. मधूनच येणाऱ्यालाही ती समजते आणि उठून जाणाऱ्याचं फारसं काही बुडत नाही.

३ जुलै २००० रोजी स्टार प्लसवर ‘कौन बनेगा करोडपती’ म्हणजे केबीसी सुरू झाला, सोमवार ते गुरुवार रात्री ९ वाजता. त्याच रात्री साडेदहाला ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’चा पहिला भाग लागला. तोपर्यंत झीच्या मागे असलेली वाहिनी काही महिन्यांत पुढे गेली. ऑक्टोबरमध्ये मुंबईचा हर्षवर्धन नवाथे पहिला करोडपती झाला, तेव्हा तर घराघरांत दुसरा विषय नव्हता. माध्यमांनी या यशाचं श्रेय दोन गोष्टींना दिलं, सूत्रसंचालक अमिताभ बच्चन आणि एक कोटी रुपयांचं बक्षीस. बच्चन यांच्याबद्दल वाद नाही. पैशांचं मात्र लगेचच खोटं ठरलं. त्याच वर्षी झीने अनुपम खेर आणि मनीषा कोईराला यांना घेऊन ‘सवाल दस करोड का’ आणला. दहापट बक्षीस ठेवूनही तो टिकला नाही. आणि केबीसीची खरी करामत त्याच्या स्वतःच्या रेटिंगपेक्षा नंतरच्या तासांत होती. नऊ वाजता जमलेलं घर तिथेच बसून राहू लागलं. ‘क्योंकि...’ आठ वर्षं चालली. केबीसीच्या नावासमोरच्या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही.

२००७ मध्ये शाहरुख खान सूत्रसंचालक झाले आणि रेटिंगच्या बातम्यांना बच्चन विरुद्ध शाहरुख असं कुस्तीचं रूप आलं. मधल्या सात वर्षांत वाहिन्या किती वाढल्या, रात्री नऊला समोर काय काय लागत होतं, मीटरची घरं किती आणि कुठली झाली, याची चर्चा झालीच नाही. आजही २००० सालच्या आकड्याशी तुलना करून ‘केबीसीची घसरण’ लिहिली जाते, ते मला चीड आणणारं वाटतं. तेव्हा मीटर शहरांतल्या मोजक्या घरांत होतं आणि मोजणारी संस्थाही वेगळी होती. बार्कने मोजणी सुरू केली २०१५ मध्ये, आणि गावं त्यात आली ती त्याच वर्षाच्या अखेरीकडे. मोजायचा समूहच बदलला, तर चढ-उतार कशाचा सांगणार?

आकड्याचा चुकीचा अर्थ नुसत्या बातमीपुरता राहत नाही. अमेरिकेत एबीसीवर १९९९-२००० च्या मोसमात ‘हू वाँट्स टू बी अ मिलियनेअर’ या क्विझ शोचे मंगळवार, गुरुवार आणि रविवारचे भाग देशात पहिले, दुसरे, तिसरे आले. लोकांना हे कितीही चालेल असा निष्कर्ष निघाला, वाहिनीने तो आणखी दिवस लावला, आणि २००२ मध्ये रात्रीच्या मुख्य वेळेतून तो गेला. मग ‘क्विझ शोची लाट ओसरली’ असं लिहिलं गेलं. ओसरली नव्हती, उपसून संपवली होती.

मराठीत तर आणखी जपून बोलायला हवं. ‘कोण होणार करोडपती’सारखा कार्यक्रम एका भाषेच्या, एका प्रांताच्या बाजारात मोजला जातो, म्हणजे नमुना लहान होतो. उदाहरणादाखल धरू की एखाद्या गटात मीटरखाली २,००० माणसं आहेत आणि रेटिंग आलं २. म्हणजे प्रत्यक्षात चाळीस माणसं. संख्याशास्त्राच्या साध्या हिशेबाने खरं रेटिंग १.४ ते २.६ यांत कुठेही असू शकतं. पुढच्या आठवड्यात १.७ आलं, म्हणजे सहा माणसं कमी झाली. या सहा जणांवर ‘प्रेक्षकांनी पाठ फिरवली’ असा मथळा उभा राहतो. त्यातही तो आठवडा गणपतीचा असला तर घर आरतीला गेलेलं असू शकतं, हे मुंबई-पुण्यातल्या वार्ताहराला कुणी सांगायला नको.

वाहिन्याही धुतल्या तांदळासारख्या नाहीत. ‘आम्हीच नंबर वन’ या पानभर जाहिरातीखाली बारीक अक्षरांत बाजारपेठ, वयोगट, आठवडा आणि वेळ दिलेली असते. शहरी, पंधरा वर्षांवरील, अमुक ते अमुक वाजता, असं चाळत चाळत जिथे आपण पहिले येतो तिथे थांबायचं, ही जुनी रीत आहे. तीच ओळ प्रसिद्धिपत्रकातून गाळली जाते आणि उरलेला दावा बातमी म्हणून छापला जातो. मोबाइलवर सोनी लिव्ह या अ‍ॅपवरून केबीसीच्या खेळात भाग घेणाऱ्यांचा तर टीव्हीच्या रेटिंगशी संबंधच नाही. तोच माणूस टीव्ही बंद करून फोनवर केबीसी बघू लागला, तर कार्यक्रमाने प्रेक्षक गमावला असं पानावर दिसेल.

मला याची तळमळ वाटते, कारण या आकड्यांवर कार्यक्रमाचं आयुष्य ठरतं. २०१९ मध्ये शाळेत खिचडी शिजवणाऱ्या अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे केबीसीत एक कोटी जिंकल्या. अशी माणसं मालिकांच्या तासात कधी येत नाहीत. तेव्हा ‘आपटला’ लिहिण्याआधी वार्ताहराने वाहिनीला तीन गोष्टी विचाराव्यात: एकूण किती जणांनी पाहिला, सरासरी किती मिनिटं पाहिला, आणि तुलना कुठल्या आठवड्याशी, कुठल्या बाजारपेठेतली आहे. तिन्ही आकडे त्यांच्याकडे दर गुरुवारी असतात.