चीन १९३८ मध्ये झुकला असता तर?

सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस १ सप्टेंबर १९३८ रोजी काँग्रेसच्या वैद्यकीय पथकासोबत मुंबईहून चीनला निघाले, तेव्हा त्या देशाची अवस्था बिकट होती. शांघाय आणि राजधानी नानजिंग जपानने जिंकले होते; ऑक्टोबरमध्ये वुहानही पडले. त्या वेळी चीनने शरणागती पत्करली असती तर? हा प्रश्न निव्वळ कल्पनाविलास नाही.

१९३७च्या अखेरीस जर्मन राजदूत ट्राउटमान यांच्यामार्फत जपानने तहाच्या अटी पाठविल्या होत्या. मांचुकुओला मान्यता आणि युद्धखर्चाची भरपाई या त्यांतील प्रमुख अटी. च्यांग कै-शेक यांनी त्या स्वीकारल्या नाहीत. राजधानी चोंगचिंगला हलवून, भूमी देऊन वेळ मिळविण्याचे धोरण चीनने अवलंबिले. उत्तरेत कम्युनिस्टांच्या आठव्या सेनेने गनिमी कावा चालविला.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानकडे पायदळाच्या ५१ डिव्हिजन होत्या. मलाया, फिलिपिन्स, ब्रह्मदेश या दक्षिणेकडील मोहिमांसाठी त्यांतील सुमारे ११च मिळाल्या. बहुतेक सैन्य चीन व मांचुरियात अडकले होते. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले आणि एप्रिलमध्ये विशाखापट्टणमवर बॉम्ब पडले. इम्फाळ-कोहिमावर मोठा हल्ला झाला तो मात्र १९४४ मध्ये. चीन झुकला असता, तर हे संकट कदाचित दोन वर्षे आधीच आपल्या दाराशी आले असते. अर्थात, जहाजे आणि तेल यांची टंचाई जपानला होतीच. मोकळे झालेले सैन्य रशियाकडेही वळले असते. त्यामुळे भारत पडलाच असता, असे म्हणता येणार नाही. धोका मात्र निश्चित वाढला असता.

या प्रतिकाराची किंमत एक कोटीहून अधिक चिनी जिवांनी मोजली. जखमींसाठी डॉक्टर नव्हते, औषधे नव्हती. पथकातील डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, डॉ. बसू व डॉ. मुखर्जी हे सहकारी यथावकाश मायदेशी परतले. कोटणीस तेथेच राहिले. १९४१ मध्ये ते बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

सोलापुरातील त्यांचे स्मारक भारत-चीन मैत्रीचे प्रतीक म्हणून ओळखले जाते. परंतु ज्या प्रतिकाराला त्यांनी आयुष्य वाहिले, त्यामुळे भारताच्या पूर्व सीमेलाही उसंत मिळाली, हेही तेथे आठवावे.