वस्तऱ्याला पाणी देतात कसे?

न्हाव्याच्या धोकटीतला घडीचा वस्तरा घरातल्या वडीलधाऱ्यांनी नक्की पाहिलेला असेल. चामड्याच्या पट्ट्यावर दोन-चार वेळा परजला की तो गालावरून असा फिरे की केस कधी निघाले ते कळू नये. आता तुमच्या घरातला विळा आठवा. पोलाद दोन्हींतही असते. मग एकाची धार कातडीवरून अलगद फिरते आणि दुसऱ्याची ज्वारीच्या धाटावर बोथट होते, असे का? पोलादात थोडा फरक असतो हे खरे, पण निम्मी करामत भट्टीची आणि निम्मी चाकाची.

या कामात जर्मनीतल्या झोलिंगेन गावाचे नाव मोठे. वुपर नदीच्या काठी तिथे कित्येक शतके तलवारी, सुऱ्या, कात्र्या आणि वस्तरे होत आले. नकली माल इतका निघू लागला की १९३८ साली तिथल्या सरकारने कायदाच केला: त्या परिसरात न बनलेल्या सुरी-कात्रीवर झोलिंगेनचे नाव घालायचे नाही. आजही तसाच नियम आहे.

वस्तऱ्याच्या पोलादात शंभर भागांत साधारण एक भाग कार्बन असतो. पोलादाची कांब लाल करून दोन साच्यांमध्ये ठेवतात आणि वरून यंत्राचा जड घण आदळतो. पाते, पाठ, मागची शेपटी, सगळा आकार तिथेच उठतो. कडेचे जादा पोलाद कापून टाकतात, मुठीच्या खिळ्यासाठी भोक पाडतात, कारखान्याचा शिक्का मारतात. हे सगळे आधीच उरकावे लागते, कारण एकदा पाणी दिल्यावर त्या पोलादात साधा गिरमिट चालत नाही.

मग येते पाणी देणे. आपल्या गावचा लोहार विळ्याला देतो तेच हे पाणी, फक्त इथे तेल वापरतात. पाते सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचे. रंग चेरीसारखा लाल होतो आणि त्या तापात लोहचुंबकही पोलादाला ओढत नाही. ही खूण गावच्या भट्टीवरही करून पाहण्यासारखी आहे. तापलेल्या पोलादात कार्बन विरघळतो, दुधात साखर विरघळावी तसा. सावकाश निवू दिले तर तो बाजूला निघतो आणि पोलाद मऊच राहते. एकदम तेलात बुडवले तर त्याला निघायला वेळच मिळत नाही. तो आतच अडकतो आणि पोलाद दगडासारखे कठीण होते. पाण्यात बुडवले तर थंडी इतकी झटकन बसते की बारीक पाते तडकायची भीती.

पण हे कठीणपण काचेसारखे असते. हातातून पडले तर तुकडे! म्हणून पाते पुन्हा तापवतात, या वेळी फक्त २०० अंशांच्या आसपास. घासून चकचकीत केलेल्या पोलादावर तेव्हा फिकट, वाळल्या गवताचा पिवळा रंग चढतो. ताप वाढला की तो तपकिरी, मग जांभळा, आणि ३०० अंशांच्या सुमारास निळा होतो. निळे पोलाद स्प्रिंगला उत्तम, वस्तऱ्याला कुचकामी.

इथे जरा थांबा, कारण ही गोष्ट तुमच्या विळ्याची आणि कोयत्याचीही आहे. विजेच्या सुक्या चाकावर जोर देऊन धार लावली की ठिणग्या उडतात, कामही झटपट होते. पण धारेची कड निळी पडली तर तेवढ्या भागाचे पाणी उतरले असे समजा. मग दर दोन दिवसांनी धार जाते आणि दोष लोहाराला लागतो. हलका हात ठेवा, पाते सारखे पाण्यात बुडवा, बोटाला चटका बसण्याआधी थांबा. झोलिंगेनचे जुने घासणारे तर नदीच्या पाण्यावर फिरणाऱ्या चाकांवर, पाणी सोडतच काम करीत.

वस्तऱ्याच्या दोन्ही बाजू पोकळ घासतात. चाकाच्या गोलाईने पाते मधे कागदासारखे पातळ होते, पाठ मात्र जाड राहते. धार अंगठ्याच्या नखावर दाबली तर ती लवते आणि परत सरळ होते. कारागीर अशीच परीक्षा करतो. या कामाची किंमतही मोठी होती. वालुकाश्माच्या चाकांची धूळ छातीत जाऊन झोलिंगेनचे आणि इंग्लंडातल्या शेफिल्डचे कितीतरी कारागीर तरुणपणीच गेले. तुम्हीही चाकाशी बसाल तेव्हा तोंडाला फडके बांधा आणि डोळ्यांवर चष्मा घाला.

जाड पाठीचा आणखी एक उपयोग आहे. दगडावर पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकवायच्या, की धारेचा कोन आपोआप बरोबर येतो. माप घ्यायला नको.

जोडणी दिसायला सोपी, पण हाताची. मूठ म्हणजे शिंगाच्या, लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या. मागच्या टोकाला त्यांच्यामध्ये छोटी पाचर बसवतात. पितळेची बारीक सळी भोकातून घालून, चकती ठेवून, हलक्या हातोडीने टोके ठोकून पसरवतात. सैल राहिली तर पाते डुलते, घट्ट झाली तर उघडत नाही. पाचर वाकडी बसली तर मिटताना धार मुठीला घासते आणि आधीची सगळी मेहनत वाया.

जिलेटच्या पत्तीच्या रेझरला १९०४ साली अमेरिकेत पेटंट मिळाले आणि घडीच्या वस्तऱ्याचे दिवस फिरले. झोलिंगेनला ते आजही बनतात, पण थोडे. आपल्याकडच्या दुकानातही आता अर्धी पत्ती घालायचा वस्तरा असतो. ते बरेच आहे. एकाच वस्तऱ्याने अनेकांची दाढी केली तर कावीळ ‘ब’ रक्तातून पसरू शकते. पत्ती तुमच्यासमोर बदलून घ्या.

घरात आजोबांचा वस्तरा असेल तर पुसून कोरडा ठेवा, खोबरेल नको, शिवणयंत्राचे तेल लावा. परजायचाच असेल तर एवढे ध्यानात असू द्या: दगडावर धार पुढे, चामड्यावर पाठ पुढे. उलटे केलेत तर पट्टा कापला जाईल.