बेडक्याची तपासणी आणि निळा दिवा

दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर बेडका तपासून घ्या, असे पार्ल्यातील माझ्या दवाखान्यात मी नेहमी सांगतो. परवा एका मावशींनी रिपोर्ट पुढे करून विचारले, "डॉक्टर, हे फ्लुओरेसन्ट म्हणजे काय हो?"

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली दाखवून दिला. जुन्या झील-नील्सन पद्धतीत हे जंतू लाल रंगतात आणि हजारपट मोठे करून शोधावे लागतात. एका वेळी काचेचा अगदी लहानसा भाग दिसतो, डोळे शिणतात. दुसऱ्या पद्धतीत ऑरामिन नावाचा रंग वापरतात. त्यावर निळा प्रकाश पडला की जंतू काळोखातल्या काजव्यांसारखे पिवळे-हिरवे चमकतात. दोनशे ते चारशेपटीतही ते दिसतात, म्हणून काच लवकर पाहून होते.

मग ही पद्धत सगळीकडे का नव्हती? अडचण दिव्याची होती. पाऱ्याच्या वाफेचा महागडा दिवा दोन-तीनशे तासांत संपे. तो तापायला वेळ लागे, विझवल्यावर गार होईपर्यंत पुन्हा लावता येत नसे, शिवाय अंधारी खोली हवी. तालुक्याच्या प्रयोगशाळेला हे कसे झेपणार?

उपाय साधाच निघाला. पाऱ्याच्या दिव्याऐवजी निळा एलईडी बसवला. एक गाळणी फक्त निळा प्रकाश काचेवर पाठवते. दुसरी परतणारा निळा अडवून जंतूची चमक तेवढी डोळ्यापर्यंत येऊ देते. हा दिवा हजारो तास टिकतो, बॅटरीवरही चालतो. साध्या सूक्ष्मदर्शकाला लावता येणारे जोडही मिळतात. पाऱ्याचे दिवे बदलून एलईडी वापरावेत, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये केली.

मात्र दिवा कितीही चांगला असो, एक मिलिलिटर बेडक्यात साधारण पाच ते दहा हजार जंतू असल्याशिवाय ते सहसा सापडत नाहीत. म्हणून रिपोर्ट 'निगेटिव्ह' आला तरी खोकला, ताप, वजन घटणे चालू असेल तर पुन्हा डॉक्टरांकडे जा. छातीचा एक्स-रे आणि जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी सीबीनॅट तपासणी अशा वेळी उपयोगी पडते. सरकारी केंद्रात क्षयाची तपासणी मोफत होते.

आणि डबीत लाळ देऊ नका! सकाळी उठल्यावर चूळ भरा, उघड्या हवेत उभे राहून दोन-तीन खोल श्वास घ्या, छातीतून खोकून बेडका काढा, झाकण घट्ट लावून डबी त्याच दिवशी पोचवा.