भिंतीआडची वीज : घराचा विजेचा नकाशा कसा वाचावा, कसा काढावा



वसंत व्याख्यानमालेत आपण संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण हे विषय नेहमी ऐकता. त्यांच्या पंक्तीला घरातल्या वायरिंगचा नकाशा येऊन बसावा, याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु घर बांधणे हे आपल्यापैकी बहुतेकांच्या आयुष्यातले सर्वांत खर्चाचे काम असते. जळगावच्या सराफ बाजारात तोळाभर सोने घेताना आपण दहा वेळा कस विचारतो. आणि भिंतीत कायमची गाडली जाणारी तार मात्र न पाहताच पत्करतो.

एक घरचा अनुभव सांगतो. तसबीर लावण्यासाठी मी एकदा भिंतीत खिळा ठोकला, आणि अर्ध्या घरातली वीज गेली. खिळा नेमका पाइपातल्या तारेत शिरला होता. वायरमन आला आणि त्याने पहिला प्रश्न विचारला, "नकाशा आहे का?" नकाशा नव्हता. तार कोठून आली आणि कोठे गेली हे शोधण्यासाठी चार ठिकाणी भिंत फोडावी लागली. हातोडीचा दांडा लाकडी होता, म्हणूनच आज हे सांगायला आपल्यापुढे उभा आहे.

विजेच्या नकाशाचे मुख्यतः तीन कागद असतात. ते एकेक करून पाहू.

पहिला कागद जागांचा. इमारतीच्या आराखड्यावरच तो काढतात. प्रमाण बहुधा एकास पन्नास किंवा एकास शंभर असते. म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर हा जागेवरचा अर्धा किंवा एक मीटर. वाचणाऱ्याने प्रथम कोपऱ्यातली चिन्हांची सूची पाहावी. वर्तुळात फुली म्हणजे दिवा, भिंतीला टेकलेले अर्धवर्तुळ म्हणजे सॉकेट, ठिपक्यातून निघालेली तिरकी रेघ म्हणजे स्विच, अशी चिन्हे सामान्यतः असतात. अशा चिन्हांसाठी भारतीय मानके आहेत. तरीही प्रत्येक आरेखकाचा हात थोडा वेगळा असतो, म्हणून सूची न पाहता अर्थ लावू नये. स्विचपासून दिव्यापर्यंत जी वाकडी रेघ काढलेली असते, ती 'हा स्विच या दिव्याचा' एवढेच सांगते. तार नेमकी त्याच वाटेने जाते असा तिचा अर्थ नाही. जिन्यातल्या दिव्याला अशा दोन रेघा दिसतील. एक खालच्या स्विचची, दुसरी वरच्या स्विचची. दिवा खाली लावावा आणि वर जाऊन विझवावा, ही सोय त्या दोन रेघांत आहे. नकाशा सपाट असल्यामुळे त्यात उंची दिसत नाही. म्हणून बोर्ड जमिनीपासून किती उंच, हे शेजारी आकड्यांत लिहिलेले असावे.

दुसरा कागद एकरेषी आकृतीचा. हा समजावून घ्यायला खानदेशच्या माणसाला परका दाखला नको. पांझरेच्या काठची फड पद्धती आपण जाणता. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, आणि चाऱ्यांतून फडाफडाला पाणी. पाटकरी एका फडाचे पाणी बंद करतो तेव्हा दुसऱ्याचे चालूच राहते. घरातली वीज अशीच वाटलेली असते. मीटर हा बंधाऱ्याच्या जागी, तेथून निघणारी मुख्य तार हा पाट, वाटप करणारी पेटी, जिला वायरमन 'डीबी' म्हणतात, ती पाटकऱ्याची जागा, आणि तेथून निघणारे प्रत्येक सर्किट ही एक चारी. एकरेषी आकृतीत प्रत्येक चारी एकाच रेघेने दाखवतात, आणि तिच्यावर तारेची जाडी व तिच्या रक्षकाचा, म्हणजे 'एमसीबी'चा आकडा लिहितात.

तिसरा कागद भाराचा तक्ता. यात गणित आहे, पण ते चौथीतल्या मुलालाही येईल. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. आपल्या घरात वीज २३० व्होल्टची येते. एक साधे घर घ्या. दहा वॅटचे आठ दिवे म्हणजे ८०. पंचाहत्तर वॅटचे तीन पंखे म्हणजे २२५. कूलर २००, इस्त्री १०००, गीझर २०००, फ्रिज २००, मिक्सर ५००. बेरीज ४२०५ वॅट, म्हणजे सुमारे १८ अँपिअर. सगळी उपकरणे एकाच वेळी चालत नाहीत हे खरे; परंतु प्रत्येक तारेला तिच्या वाट्याचा भार एकटीने सोसावा लागतो. दिवे आणि पंखे मिळून सव्वा अँपिअरच्या आसपास, तर एकटा गीझर पावणेनऊ अँपिअर! दोघांना एका तारेवर बसवणे म्हणजे बारीक चारीत पाटाचे पाणी सोडणे. चारी फुटते, तार तापते. आणि तापण्याचा नियम कठोर आहे. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. म्हणून दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची तार, सॉकेटांना अडीचची, आणि गीझरसारख्या उपकरणाला अडीच ते चारची स्वतंत्र तार देण्याची रीत आहे. तक्त्यात गीझरसमोर स्वतंत्र सर्किट दिसले नाही, तर काम सुरू होण्याआधीच विचारावे.

आता ज्यासाठी मी हा विषय मुद्दाम घेतला, त्या गोष्टीकडे वळतो. आपल्या जळगाव-धुळ्याकडे वैशाखात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो आणि घरोघर कूलर सुरू होतात. कूलरमध्ये पाणी, पंप, पंखा आणि बहुधा पत्र्याचे अंग, असे सगळे एका जागी असते. पंपाच्या तारेचे वेष्टण झिजले, की पत्रा जिवंत होतो. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून टाकीत पाणी ओतणाऱ्या माणसाचा हात त्याला लागतो. दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत येणाऱ्या त्या दुःखद बातम्यांमागे बहुधा हीच साखळी असते.

यावर पहिला उपाय अर्थिंग. जमिनीत नळी किंवा पत्रा पुरून, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर देऊन, त्याला हिरवी तार जोडतात. परंतु आपली काळी माती उन्हाळ्यात कोरडी पडते, तिला भेगा जातात आणि तिचा रोध वाढतो. म्हणजे कूलर सुरू होण्याच्या दिवसांतच अर्थिंग दुबळे होते. समजा, रोध दहा ओहम आहे. मग दोष झाल्यावर अर्थिंगमधून जास्तीत जास्त २३ अँपिअर जातील. आणि सोळा अँपिअरचा एमसीबी एवढ्या प्रवाहाला लगेच पडत नाही. तोपर्यंत पत्रा जिवंतच! एमसीबी तारेचे रक्षण करतो. माणसाचे रक्षण करणारे यंत्र निराळे आहे. त्याला 'आरसीसीबी' म्हणतात. किती वीज गेली आणि किती परत आली, याचा ताळा ते सतत घेत असते. तीस मिलीअँपिअरची, म्हणजे एका अँपिअरच्या सुमारे तेहतिसाव्या भागाची तूट दिसताच ते क्षणार्धात वीज तोडते. तेव्हा नकाशात तीन गोष्टी बोट ठेवून शोधाव्यात. खिडकीजवळ कूलरचा स्वतंत्र पॉइंट आहे का? त्याला अर्थची तार दाखवली आहे का? आणि डीबीत आरसीसीबी आहे का? हे कागदावर नसेल, तर भिंतीतही नसणार असे समजावे. शिवाय अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालावे आणि त्याचा रोध मोजून घ्यावा.

वाचता आले, की काढणे अवघड नाही. चौकटींचा कागद घ्यावा. एक चौकट म्हणजे एक फूट. प्रथम भिंती, मग दारे, आणि दार कोणत्या बाजूला उघडते तेही. हे विसरल्यामुळे कित्येक घरांत स्विच दाराच्या पाठीमागे लपलेले असतात. नंतर पलंग, ओटा, देवघर, मुलांचे टेबल यांच्या जागा मांडाव्यात. दिवे त्यानंतर, आणि स्विच सर्वांत शेवटी. घरातल्या बाईला ओट्यापाशी काय काय लागते, हे तिलाच विचारावे. हा कच्चा कागद जाणत्याकडून पक्का करून घ्यावा. प्रत्यक्ष काम मात्र परवानाधारक माणसाचेच. आपण नकाशा शिकायचा तो विचारता यावे म्हणून; तारेला हात घालण्यासाठी नव्हे.

हे सारे वेळेवर झाले पाहिजे. स्लॅबच्या सळ्या बांधून झाल्या, की कॉंक्रीट पडण्याआधी पाइप आणि पंख्याचे डबे त्यांत बांधले जातात. तो एक दिवस हुकला, तर पुढे छत फोडण्याशिवाय गत्यंतर राहत नाही. त्या दिवशी नकाशा हातात घेऊन सेंटरिंगवर चढावे आणि डबे मोजावेत. भिंतींच्या बाबतीत, गिलावा चढण्यापूर्वी प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. काम चालू असताना जे बदल होतात, ते नकाशावर लाल शाईने नोंदवावेत. न दुरुस्त केलेला नकाशा हा नसलेल्या नकाशापेक्षाही घातक, कारण त्यावर आपण विश्वास ठेवतो.

धुळ्याच्या जुन्या वस्तीत आजही गल्ल्या नंबरांनी ओळखतात. नवखा पाहुणासुद्धा विचारत विचारत घर गाठतो. आपल्या भिंतीतल्या गल्ल्यांनाही असेच नंबर द्या. त्या नकाशाची एक प्रत डीबीच्या दाराला आतून चिकटवा आणि दुसरी घराच्या खरेदीखताबरोबर ठेवा. घर उद्या आपल्या मुलांकडे जाईल. त्यांच्यापैकी कोणी भिंतीत खिळा ठोकण्याआधी तो कागद उघडून पाहिला, तर आजच्या व्याख्यानाचे सार्थक झाले असे मी समजेन.